वीस वर्षांच्या पुढची पाच वर्षं

मलकापूरचे संजय राजपूत १९९६ साली केंद्रीय राखीव पोलीस दलात, म्हणजे सीआरपीएफमध्ये, भरती झाले. वीस वर्षं सेवा झाली की जवानाला पेन्शन घेऊन घरी येता येतं. राजपूतांची वीस वर्षं भरली होती. घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुलं होती. तरीही त्यांनी सेवेची पाच वर्षं वाढवून घेतली. ती मुदत संपायच्या आत, १४ फेब्रुवारी २०१९ रोजी, पुलवामा जिल्ह्यात लेथपोरा इथं स्फोटकांनी भरलेली गाडी त्यांच्या बसवर आदळली. त्या हल्ल्यात चाळीस जवान गेले. त्यांत बुलढाणा जिल्ह्याचे दोघे होते: मलकापूरचे राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड.

त्या दुपारबद्दल आपण पुष्कळ वाचलं, ऐकलं. दरवर्षी फेब्रुवारीत फलक लागतात, मेणबत्त्या पेटतात. त्यात खोटं काही नाही. पण माणूस एका दुपारपुरता नसतो. राजपूतांच्या आयुष्यातली दोन दशकं नोकरीत गेली आणि आपल्या आठवणीत तीच सगळ्यात कमी आहेत. मला त्या वर्षांबद्दल बोलायचं आहे.

सीआरपीएफची स्थापना २७ जुलै १९३९ला नीमचमध्ये झाली, ती संस्थानांमधला बंदोबस्त ब्रिटिशांच्या हाती राहावा म्हणून. आजचं नाव मिळालं १९४९च्या कायद्यानं. गावात मात्र हे दल आणि लष्कर यांत कोणी फरक करत नाही. सीआरपीएफचा जवानही आपल्याकडे ‘मिलिटरीत’च असतो. त्याचं काम लष्करापेक्षा वेगळं आणि फार विखुरलेलं आहे. काश्मीरमध्ये रस्ता मोकळा करून देणं, छत्तीसगड-झारखंडच्या जंगलात गस्त, ईशान्येत तैनाती, एखाद्या शहरात दंगल उसळली की तिकडे धाव आणि निवडणूक लागली की देशभर फिरती. भल्या पहाटे निघालेली रोड ओपनिंग पार्टी रस्त्याच्या कडेनं पायी चालते, मोऱ्यांखाली वाकून बघते, उकरलेली माती दिसली की थांबते. मग ताफा जाईपर्यंत तिथंच उभी राहते, थंडीत, पावसात, तासन् तास. ताफा सुखरूप गेला की त्या दिवसाची बातमी होत नाही. अशा बातमी न झालेल्या दिवसांवरच या दलातल्या माणसाची सगळी नोकरी उभी असते.

आणि सुट्टी? त्या काळात वर्षाला साठ दिवसांची अर्जित रजा आणि पंधरा दिवसांची किरकोळ रजा, असा नियम होता. कागदावर पंचाहत्तर दिवस. प्रत्यक्षात कंपनीत माणसं किती हजर आहेत यावर सगळं अवलंबून. दिवाळीला सगळ्यांनाच घरी सोडता येत नाही, त्यामुळे एकाची दिवाळी साधली की दुसऱ्याची हुकते. जवानाच्या घरात म्हणून दोन पंचांगं चालतात, एक भिंतीवरचं आणि दुसरं त्याच्या रजेचं. साखरपुडा, जावळ, विहिरीचं काम, मुलाचा दाखला, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं रजेच्या तारखांना बांधलेलं. उरलेले दिवस ते घर बाई एकटीनं ओढते. सासू-सासरे, शाळा, बँक, शेतीचा वाटा, सगळं. आपण ज्याला कुटुंबवत्सल म्हणतो त्या माणसाचं वात्सल्य फोनवर आणि दर महिन्याच्या पगारात असतं, आणि ते निभावून नेणारी त्याची बायको असते. तिची सेवा कोणत्याही सर्व्हिस बुकात नोंदलेली नसते.

परतीचा प्रवास तर आणखी जिवावर येणारा. मलकापूरच्या माणसाला रेल्वे दारात आहे; भुसावळ गाठलं की जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस मिळते. लोणार तालुक्याला रेल्वेच नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आजोबांच्या काळापासूनची आहे. एसटी, मग रेल्वे, मग जम्मूचा ट्रान्झिट कॅम्प. तिथं नोंद करायची आणि ताफा सुटण्याची वाट बघत बसायचं. २०१९च्या फेब्रुवारीत बर्फ आणि दरडींमुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद होता. रजा संपवून आलेले जवान जम्मूत साचत गेले. रस्ता उघडल्यावर १४ तारखेला पहाटे साडेतीनच्या सुमारास ७८ वाहनांचा ताफा निघाला, त्यात अडीच हजारांवर जवान होते. गेलेल्या चाळीस जणांच्या बटालियनची यादी वाचली की हे नीट कळतं. राजपूत ११५व्या बटालियनचे, राठोड ३ऱ्या. बाकीचे आणखी कितीतरी वेगवेगळ्या. एका तुकडीची ती बस नव्हतीच. घरून निघून कामावर हजर व्हायला चाललेली माणसं तिच्यात होती.

हल्ल्यानंतर आठवड्याभरात, २१ फेब्रुवारीला, केंद्रीय गृहमंत्रालयानं निर्णय घेतला: दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर या मार्गांवर शिपायापासून सहायक उपनिरीक्षकापर्यंतच्या जवानांना सरकारी खर्चानं विमानप्रवास, रजेवर जातायेतानाही. सगळ्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या मिळून जवळपास ७ लाख ८० हजार जवानांना तो लागू झाला. अधिकाऱ्यांना ही सोय आधीपासून होती. शिपायाला ती मिळायला चाळीस जीव जावे लागले, हे मला लिहिताना जड जातं, पण लिहिलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट पेन्शनची. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. लष्कर, नौदल, हवाई दल यातून वगळले गेले. सीआरपीएफ वगळलं गेलं नाही. म्हणजे राजपूतांसारखा १९९६ला भरती झालेला आणि २००४ नंतर आलेला, दोघे एकाच बसमध्ये शेजारी बसतात, एकाच रस्त्यावर उभे राहतात, पण त्यांचं म्हातारपण वेगळं. ११ जानेवारी २०२३ला दिल्ली उच्च न्यायालयानं सीआरपीएफसारखी केंद्रीय दलं ही संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या, असा निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ‘शहीद’ हा शब्दही सरकारदरबारी अधिकृत नाही, ना लष्करासाठी, ना या दलांसाठी. तो लोकांनी दिलेला मान आहे. निवृत्त लष्करी जवानाला माजी सैनिक म्हणून ज्या सवलती मिळतात, त्यांसाठी सीआरपीएफच्या निवृत्ताला अजून झगडावं लागतं.

बुलढाण्यानं नंतरही माणसं गमावली. ऑक्टोबर २०२३मध्ये पिंपळगाव सराईचे अक्षय गवते सियाचीनवर गेले. कर्तव्यावर मृत्यू आलेले ते पहिले अग्निवीर. लष्करातल्या अग्निवीराच्या चार वर्षांच्या करारात पेन्शन नाहीच. राजपूतांना वीस वर्षांनी ‘घरी जायचं की थांबायचं’ ही निवड तरी होती. नव्या पोराला, तो पाव हिश्श्यातल्या कायम होणाऱ्यांत आला नाही, तर थांबायची मुभाच नाही.

पुलवामानंतर राज्य सरकारनं दोन्ही कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले. पुतळे होतील, चौकांना नावं मिळतील. माझं मागणं त्याहून साधं आहे. बुलढाण्याच्या तेराही तालुक्यांत वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून सुखरूप परतलेले किती जवान आहेत, कुठल्या वर्षी कुठं तैनात होते, घर कोणी सांभाळलं, हे त्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या तोंडून लिहून घ्यायला हवं. ग्रामपंचायतीच्या एका वहीत ते मावेल. शाळेतल्या पोरांना सुट्टीत हे काम द्यावं. यंदाच्या दिवाळीला जे रजेवर आले आहेत, त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.