बिनमुदतीचा कायदा

१७९४च्या अखेरीस कलकत्त्यात विल्यम डुएन नावाच्या संपादकाला गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्या हुकमाने अटक झाली आणि त्याला विलायतेला निघालेल्या जहाजावर चढवण्यात आले. ना खटला, ना सुनावणी. कंपनीच्या लष्करातल्या अधिकाऱ्यांची गाऱ्हाणी तो आपल्या ‘वर्ल्ड’ या पत्रात छापत असे, ते सरकारला खुपत होते. छापखाना, पुस्तके, घरदार सगळे मागे राहिले. भरपाईसाठी त्याने लंडनमध्ये खेटे घातले, पण हाती काही लागले नाही. १७९६ साली तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचला. तिथेही चारच वर्षांत त्याला देशाबाहेर काढण्याचा विचार सरकारदरबारी झाला.

फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती. बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बेंजामिन बाश तिथे ‘अरोरा’ हे पत्र चालवी. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या फेडरलिस्ट पक्षावर या पत्राचा रोजचा मारा असे. डुएन तिथे कामाला लागला. सप्टेंबर १७९८मध्ये पिवळ्या तापाच्या साथीत बाश वारला. त्या वेळी त्याच्यावर राजद्रोहाचा खटला लागलेला होता. पत्राची सूत्रे डुएनच्या हाती आली, ती नेमकी अशा उन्हाळ्यानंतर, ज्यात काँग्रेसने एकामागोमाग चार कायदे केले होते.

भीती खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. फ्रान्सची जहाजे अमेरिकी व्यापारी गलबते पकडत होती. अ‍ॅडम्सनी पाठवलेल्या वकिलांकडे पॅरिसमध्ये परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी बोलणी सुरू करण्याआधी लाच मागितली. ही कागदपत्रे एप्रिल १७९८मध्ये प्रसिद्ध झाली आणि देश खवळला. समुद्रावर अघोषित युद्ध जुंपले. पण त्या भीतीला घरातला हिशेबही चिकटला होता. आयर्लंडहून आणि फ्रान्सहून आलेले बहुतेक निर्वासित जेफर्सनच्या रिपब्लिकन पक्षाकडे झुकत. त्यांना मताधिकार मिळाला की फेडरलिस्टांची एक जागा धोक्यात येई.

म्हणून पहिला घाव नागरिकत्वावर पडला. १७९० साली नागरिक होण्यासाठी दोन वर्षांचे वास्तव्य पुरत असे, १७९५मध्ये ते पाच वर्षे झाले. जून १७९८च्या कायद्याने ते चौदा वर्षांवर नेले. आठवडाभरातच दुसरा कायदा आला: जो परकीय राष्ट्राध्यक्षांना धोकादायक वाटेल त्याला ते देशाबाहेर घालवू शकतील. तिथे ज्यूरी नाही, पुरावा सिद्ध करण्याची गरज नाही. या कायद्याला दोन वर्षांची मुदत होती. ६ जुलैचा तिसरा कायदा युद्धाच्या किंवा आक्रमणाच्या काळासाठी होता, आणि त्याला मुदत नव्हती: शत्रूराष्ट्राच्या प्रजाजनांना पकडावे, डांबावे, हाकलावे. आणि १४ जुलैला राजद्रोहाचा कायदा. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे, बदनामीकारक आणि द्वेषबुद्धीचे लिहिल्यास दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. उपराष्ट्राध्यक्षांचे नाव या यादीत नव्हते, कारण ते पद जेफर्सनकडे होते. कायद्याची मुदत ३ मार्च १८०१, म्हणजे अ‍ॅडम्सच्या कारकिर्दीचा शेवटचा दिवस. सत्ता गेलीच तर हे हत्यार विरोधकांच्या हाती जाऊ नये, एवढी खबरदारी त्यात स्पष्ट दिसते. प्रतिनिधिगृहात हा कायदा ४४ विरुद्ध ४१ मतांनी संमत झाला.

विरोधाची धुरा अल्बर्ट गॅलाटिनने वाहिली. तो स्वतः जिनिव्हाहून आलेला. परकीयांवरच्या कायद्याला दक्षिणेतून झालेल्या विरोधामागे मात्र केवळ उदारमतवाद नव्हता. माणसांच्या स्थलांतरावर केंद्राला हुकमत मिळाली तर ती उद्या गुलामांच्या व्यापारावरही चालेल, अशी धास्ती तिथल्या मालकांना होती. स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या भाषणांत हा स्वार्थ मिसळलेला होता, हे झाकू नये.

राजद्रोहाच्या कायद्याचा पहिला बळी काँग्रेसचा सभासदच ठरला. मॅथ्यू लायन, जन्माने आयरिश, व्हरमाँटचा प्रतिनिधी. त्याच वर्षी जानेवारीत भर सभागृहात तो रॉजर ग्रिस्वोल्ड या फेडरलिस्टाच्या तोंडावर थुंकला होता, आणि पुढच्याच महिन्यात ग्रिस्वोल्डने काठीने आणि लायनने शेकोटीच्या चिमट्याने मारामारी केली होती. असा माणूस सरकारला हवाच होता. अ‍ॅडम्सना थाटामाटाचा आणि खुशमस्करीचा सोस आहे, अशा आशयाचे त्याचे पत्र छापून आले. ते त्याने लिहिले जूनमध्ये, म्हणजे कायदा होण्यापूर्वी. छापले गेले मात्र नंतर. ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती पॅटरसन यांच्यासमोर खटला चालला. लायनने न्यायमूर्तींनाच विचारले, आपण राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला जेवला आहात, तिथला थाट पाहिला नाही का? शिक्षा झाली: चार महिने कैद, हजार डॉलर दंड. डिसेंबरात व्हरमाँटच्या मतदारांनी त्याला तुरुंगातूनच पुन्हा निवडून दिले. सुटून आल्यावर त्याला सभागृहातून काढण्याचा ठराव आला, पण दोन तृतीयांश मते जमली नाहीत.

न्यूअर्कमध्ये ल्यूथर बाल्डविन नावाचा माणूस दारूच्या अमलात होता. राष्ट्राध्यक्षांच्या स्वागताला तोफा सुटत असताना, गोळा त्यांच्या पार्श्वभागात गेला तरी आपल्याला फिकीर नाही, असे काहीसे तो बोलला. त्यालाही दंड झाला. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडम गावात कायद्यांविरुद्धच्या फलकासह स्वातंत्र्यस्तंभ उभारण्यात डेव्हिड ब्राउनचा हात होता. या कायद्याखालची सर्वांत मोठी कैद, अठरा महिने, त्याला मिळाली, आणि दंड भरायला पैसे नसल्याने तो त्याहूनही जास्त काळ आत राहिला.

या कायद्याचे समर्थक एक गोष्ट अभिमानाने सांगत, आणि आजही काही अभ्यासक सांगतात: इंग्लिश कायद्यापेक्षा हा सौम्य होता, कारण लिहिलेले खरे आहे असे सिद्ध केले तर आरोपी सुटे. कागदावर हे खरे आहे. पण राष्ट्राध्यक्ष गर्विष्ठ आहेत, हे विधान कोर्टात सिद्ध कसे करणार? ते मत आहे. मताला पुरावा मागितला की सुटकेची वाट बंद होते. पेनसिल्व्हेनियाच्या थॉमस कूपरने आपला शब्द न् शब्द कागदपत्रांनी शाबीत करण्याचा प्रयत्न केला, अ‍ॅडम्सना साक्षीला बोलवा म्हणाला. न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांनी ते नाकारले. त्याला सहा महिने कैद आणि चारशे डॉलर दंड झाला.

डुएनवर तर एकापाठोपाठ एक संकट आले. फेब्रुवारी १७९९मध्ये तो सेंट मेरी चर्चबाहेर आयरिश लोकांच्या सह्या घेत होता, परकीयांच्या कायद्याविरुद्धच्या अर्जावर. दंगलीचा आरोप ठेवला, ज्यूरीने सोडले. मे महिन्यात सैनिकांच्या टोळक्याने त्याला कचेरीतून ओढून चाबकाने मारले. परराष्ट्रमंत्री पिकरिंग यांनी त्याला परकीय म्हणून हाकलण्याचा विचार मांडला आणि अ‍ॅडम्सनी तो उचलून धरला. डुएनचे म्हणणे, आपला जन्मच न्यूयॉर्क वसाहतीतला. आई लहानपणी आयर्लंडला घेऊन गेली एवढेच. त्याला हाकलणे सरकारला जमले नाही.

त्याच मे महिन्यात, टिपू सुलतान पडल्यानंतर थोड्याच दिवसांत, गव्हर्नर जनरल वेलस्लीने कलकत्त्याच्या वृत्तपत्रांवर नियम लादले: मजकूर छापण्यापूर्वी सरकारी सचिवाला दाखवायचा, नियम मोडल्यास ताबडतोब युरोपला रवानगी. फ्रेंचांची धास्ती इथेही होती. डुएनला जे चार वर्षांपूर्वी बिननियमाने भोगावे लागले, त्याचा आता नियम झाला. कंपनीची राजवट आणि नवे प्रजासत्ताक यांचे शासनप्रकार अगदी भिन्न. संपादकाला गप्प करायचे तर जहाजावर घाला, हा उपाय मात्र दोघांनाही सुचला.

१८०० साली अ‍ॅडम्स हरले. जेफर्सन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांची मते समसमान पडल्याने निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचे मत लायनने जेफर्सनच्या पारड्यात टाकले. राजद्रोहाचा कायदा ठरल्या तारखेला मेला. परकीयांचा कायदा आधीच मुदत संपून गेला होता, त्याखाली अधिकृतपणे एकालाही हाकलले गेले नव्हते, तरी धास्तीने अनेक फ्रेंच आपणहून निघून गेले. जेफर्सननी शिक्षा झालेल्यांना माफी दिली. १८०२मध्ये नागरिकत्वाची अट पुन्हा पाच वर्षांवर आली. लायनचा दंड काँग्रेसने १८४० साली त्याच्या वारसांना व्याजासह परत केला.

इथवरची हकीकत पुष्कळ पुस्तकांत लोकशाहीच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती अर्धी आहे. जे कायदे गेले, त्यातले दोन मुदत संपल्याने गेले. जे राहिले, त्यांना मुदत नव्हती.

१७९०च्या नागरिकत्वाच्या कायद्यात ‘स्वतंत्र गोरी व्यक्ती’ ही अट होती. चौदा वर्षांची पाच झाली तेव्हा या अटीला जेफर्सनच्या पक्षानेही हात लावला नाही. १८७०मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दार उघडले, आशियाईंसाठी नाही. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस गोरा नाही असा निवाडा दिला. मग आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची कागदपत्रेही सरकार मागे घेऊ लागले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतःच्या नागरिकत्वासाठी लढले आणि १९२६मध्ये अपिलात जिंकले. सान फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांना ते जमले नाही. नागरिकत्व गेले, व्यवसाय गेला आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. आपल्या लोकांसाठी ही अट १९४६मध्ये उठली.

दुसरा बिनमुदतीचा कायदा शत्रू-परकीयांचा. १८१२च्या युद्धात तो वापरला, पहिल्या महायुद्धात वापरला. डिसेंबर १९४१मध्ये जपानी, जर्मन आणि इटालियन प्रजाजनांना त्याखाली धरले. यातल्या जपान्यांची गोष्ट जीव पिळवटणारी आहे. जन्माने अमेरिकी असलेल्यांना वेगळ्या आदेशाने छावण्यांत नेले. पण त्यांचे आईबाप चाळीस चाळीस वर्षे त्या देशात शेती करून, दुकाने चालवूनही ‘परकीय’च होते, कारण १७९०च्या अटीने त्यांना नागरिक होता येत नव्हते. एका कायद्याने त्यांना परके ठेवले, आणि परके म्हणून दुसऱ्याने शत्रू ठरवले. दोन्ही कायदे प्रजासत्ताकाच्या त्या पहिल्या दशकातले.

मार्च २०२५मध्ये कोणतेही युद्ध जाहीर नसताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हाच कायदा व्हेनेझुएलाच्या नागरिकांवर, एका गुन्हेगार टोळीचे सदस्य ठरवून, लागू केला. शंभराहून अधिक माणसे विमानाने एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडली गेली. ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा माणसांना आधी सूचना आणि न्यायालयात दाद मागण्याची संधी मिळालीच पाहिजे. हा कायदा मुळात त्यांना लागू होतो का, या प्रश्नाचा निकाल त्या दिवशी न्यायालयाने दिला नाही.