घड्याळ पुढे नेल्यास वीज वाचते काय?

दिब्रुगड येथे जून महिन्यात पहाटे सव्वाचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरात सायंकाळी साडेचारपूर्वीच मावळतो. भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरविलेली आहे. दिब्रुगड त्याच्या पूर्वेस सुमारे साडेबारा अंशांवर असल्याने, दर अंशास चार मिनिटे या हिशेबाने, तेथील सूर्य घड्याळाच्या जवळजवळ पन्नास मिनिटे पुढे चालतो. आसामातील चहाच्या मळ्यांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढला : तेथे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असणारी ‘बागान वेळ’ पाळली जाते. सर्व राज्यासाठी अशी वेळ असावी, हा मनोदय तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी २०१४ साली जाहीर केला होता.

२०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ८९ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशाच्या पलीकडील प्रदेशास एक तास पुढची वेळ द्यावी, असे सुचविले. त्यामुळे वर्षाला दोन कोटी युनिट वीज वाचेल, असा त्यांचा अंदाज होता. पण हा अंदाज आहे, निरीक्षण नव्हे. घड्याळ बदलल्यावर माणसे प्रत्यक्षात कशी वागतील, हे कागदावरील गणितातून पुरते कळत नाही.

याचा पडताळा अमेरिकेतील इंडियाना राज्यात आला. त्या राज्याच्या ९२ काउंट्यांपैकी बहुतेक काउंट्या उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नसत. काही थोड्या मात्र करीत असत. २००६ साली सर्व राज्याने ही पद्धत स्वीकारली. मॅथ्यू कॉचेन आणि लॉरा ग्रँट या अर्थशास्त्रज्ञांना ही आयतीच संधी मिळाली. दक्षिण इंडियानातील घरगुती विजेची तीन वर्षांची सत्तर लाखांहून अधिक मासिक देयके त्यांनी तपासली आणि जेथे बदल झाला तेथील वापराची जेथे तो झाला नाही तेथील वापराशी तुलना केली. वीज वाचली नव्हती. उलट वापर सुमारे एक टक्क्याने वाढला होता. दिव्यांचा खर्च घटला खरा, परंतु लोक उन्हाळ्याच्या तापलेल्या सायंकाळी घरी लवकर पोहोचू लागल्याने वातानुकूलन यंत्रे अधिक चालली आणि थंड सकाळी घरे तापविण्यासही अधिक वीज लागली.

हा निष्कर्ष आसामला जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरेल. इंडियानातील बदल वर्षाच्या काही महिन्यांपुरता होता, आणि आसामातील घराघरांत वातानुकूलन यंत्रे नाहीत. तथापि, साठ वॅटच्या दिव्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा आल्यापासून प्रकाशावरील बचतीला पूर्वीइतका वाव उरलेला नाही, हेही खरे.

मळा आणि शेजारचे शहर यांची तुलना करावी, असे कोणास सहज सुचेल. पण मजुरी, घरे, राहणी असे सारेच तेथे भिन्न. फरक घड्याळाचा की दारिद्र्याचा, हे सांगता येणार नाही. त्यापेक्षा बंगालच्या सीमेवरील गावे अधिक उपयोगी. कूचबिहार व धुबरी या शेजारच्या जिल्ह्यांत सूर्य जवळपास एकाच वेळी उगवतो, पाऊसही सारखाच पडतो. बदलाच्या आधीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची तितकीच वर्षे दोन्हीकडील तासातासाची वीजनोंद ठेवली, मुले किती वाजता झोपतात व उठतात हे पाहिले, तर काही बोलता येईल. मात्र रोज सीमा ओलांडून कामावर जाणाऱ्याला घरची एक आणि कामाची एक अशा दोन वेळा सांभाळाव्या लागतील. त्याचा खर्चही त्याच वहीत मांडावा लागेल.