केमोच्या गोळ्यांमध्ये स्टेरॉइड कशासाठी?

केमोथेरपीचे सलाइन संपवून रुग्ण घरी येतो. औषधांच्या पिशवीत डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात. कोणीतरी ‘हे स्टेरॉइड आहे’ असे सांगते आणि गोळ्या बाजूला राहतात. पहिला दिवस बरा गेलेला असल्याने त्यांची गरजही वाटत नाही. गफलत होते ती इथेच.

केमोनंतरची मळमळ दोन टप्प्यांत येते. पहिल्या २४ तासांत आतड्याच्या अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस मज्जातंतूमार्फत मेंदूला उलटीचा संदेश जातो. ऑन्डान्सेट्रॉन हा संदेश अडवते. दुसरा टप्पा त्यानंतर सुरू होऊन पाचव्या दिवसापर्यंत टिकू शकतो. सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांना तो जास्त छळतो. या टप्प्यात सेरोटोनिनपेक्षा ‘सबस्टन्स पी’ या रसायनाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे एकटे ऑन्डान्सेट्रॉन कमी पडते. डेक्सामेथासोन मात्र दोन्ही टप्प्यांत उपयोगी ठरते आणि सोबतच्या औषधांचा परिणामही वाढवते.

ते नेमके कसे काम करते, हे चार दशकांच्या वापरानंतरही पूर्ण उलगडलेले नाही. दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ते कमी करते, हे एक प्रमुख स्पष्टीकरण. गुण येतो, हे मात्र चाचण्यांत वारंवार दिसले आहे.

सिस्प्लॅटिनसाठी पहिल्या दिवशी साधारण १२ मिलिग्रॅम आणि पुढचे तीन दिवस ८ मिलिग्रॅम दिले जाते. सोबत अ‍ॅप्रेपिटंट नसेल, तर पहिला डोस २० मिलिग्रॅमपर्यंत जातो. कारण अ‍ॅप्रेपिटंटमुळे यकृतात डेक्सामेथासोनचे विघटन मंदावते. काही सौम्य केमोंमध्ये घरी न्यायच्या गोळ्या लागतही नाहीत. म्हणून शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या चिठ्ठीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

स्टेरॉइड म्हटले की सुजलेला चेहरा आणि ठिसूळ हाडे आठवतात. ते दुष्परिणाम मुख्यतः दीर्घ वापराचे. तीन-चार दिवसांत झोप उडणे, पित्त, उचकी असे त्रास होऊ शकतात. त्यामुळेच गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात.

खरी काळजी मधुमेहींनी घ्यायची. या दिवसांत साखर वाढते, पण सकाळच्या गोळीनंतर ती चढते दुपारी आणि संध्याकाळी. उपाशीपोटीची तपासणी चांगली येऊन फसवू शकते. ग्लुकोमीटरवर दुपारनंतरही साखर पाहावी आणि मधुमेहाच्या औषधांत बदल हवा का, हे केमोच्या आधीच डॉक्टरांना विचारावे.