लहान महाविद्यालयातील अभियांत्रिकी

अमेरिकेत साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या अध्ययनास अग्रस्थान देणाऱ्या लहान महाविद्यालयांपैकी मोजक्याच ठिकाणी अभियांत्रिकीची पदवी मिळते; आणि ज्या विद्यार्थ्यास पूल बांधण्याची विद्या हवी असूनही काव्याचा वर्ग सोडवत नाही, त्याने प्रथम हीच ठिकाणे पाहावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयाने हा विषय १८४५ सालीच दाखल केला, तर स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयाने १९९९ मध्ये. पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर येथे स्थापत्य, विद्युत, यंत्र अशा पृथक् पदव्या नाहीत; अभियांत्रिकीची एकच सर्वसाधारण पदवी आहे, आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतः निवडलेल्या प्रकल्पाचा आराखडा सिद्ध करतो. ज्यास आरंभापासून एकाच शाखेत खोल उतरावयाचे आहे, त्यास हे अपुरे वाटेल.

अन्यत्र ‘तीन-दोन’ योजना असते : तीन वर्षे त्या महाविद्यालयात, दोन वर्षे दुसऱ्या विद्यापीठात, आणि पदव्या दोन. मात्र सोबती शेवटच्या वर्षात जात असता आपण गाव सोडावयाचे, शिवाय पाचव्या वर्षाचा खर्च सोसावयाचा, हे पालकांनी आधीच ध्यानी घ्यावे. अभियांत्रिकी शिक्षणास मान्यता देणाऱ्या ‘एबेट’ या संस्थेची मान्यता महाविद्यालयास नव्हे, तर त्या त्या अभ्यासक्रमास मिळते, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी तिची खातरजमा अवश्य करावी.