लॅपटॉप मध्येच बंद का पडतो?

खते, बियाणे आणि हुमणी सोडून या माणसाला आज लॅपटॉपचे काय सुचले, असे तुम्हांला वाटेल. पण गेल्या काही वर्षांत ज्या ज्या घरी पीक पाहायला जातो, तिथे चहा होईपर्यंत कुणीतरी जुना लॅपटॉप आणून पुढे ठेवतो. थोरल्याच्या शिक्षणासाठी घेतलेला, आता धाकटीकडे आलेला. दुधाचा हिशेब त्यात, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे त्यात, पोरांचे अर्जही त्यातच. तक्रार एकच, “साहेब, चालता चालता पटकन बंद पडतो.”

यंदाच्या जानेवारीत औसा तालुक्यातल्या एका घरी असेच झाले. तुरीची रास नुकतीच उरकली होती. मुलगी बारावीला, सीईटीचा अर्ज भरायला बसलेली. निम्मा अर्ज होतो न होतो तोच पडदा काळा. तीन दिवसांत पाच वेळा. “काका, मी काही पाडला नाही हो,” असे तिने मला न विचारता सांगितले, यावरून घरात काय बोलणी झाली असतील ती मी समजलो. बापाने कालवड विकून नवा लॅपटॉप घ्यायचे मनात आणले होते. कालवड दोन महिन्यांची गाभण होती.

आता आधी माझीच चूक सांगतो. लॅपटॉप २०१६ सालचा, म्हणून मी लगेच निदान करून मोकळा झालो, “बॅटरी गेली.” त्या बिचाऱ्याने लातूरला जाऊन अठराशे रुपयांची बॅटरी आणली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा बंद! पान पिवळे दिसले की युरिया टाकू नका, आधी मूळ उपटून पाहा, असे तीस वर्षे लोकांना सांगणारा मी, आणि इथे मूळ न पाहताच खत टाकून बसलो.

मग मुलीला म्हटले, वहीत लिहून काढ. किती वाजता बंद पडला, चार्जर लावला होता का, कुठे ठेवला होता, किती वेळ चालला, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. तुम्हीही हेच आधी करा. घरी विचारले की “कधीही बंद पडतो” असे उत्तर मिळते. ते उत्तर कधी खरे नसते. तिच्या वहीत दोन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. बाजेवर गोधडीत ठेवला की दहा मिनिटे, टेबलावर वीस-पंचवीस मिनिटे, पहाटे थंडीत पाऊण तास. आणि बंद पडला की लगेच सुरू होत नाही, थोडा निवला की होतो. दुखणे उष्णतेचे होते.

विहिरीवरची मोटार आठवा. स्टार्टरच्या पेटीत ओव्हरलोड रिले असतो. मोटारीने जास्त करंट ओढला की तो गरम होऊन मोटार तोडतो. तो मोटारीचा शत्रू नव्हे, राखणदार आहे. (काहीजण स्टार्टरच्या बटणात काडी खुपसून मोटार चालू ठेवतात. पुढे वायंडिंगचा खर्च किती येतो ते त्यांनाच विचारा.) लॅपटॉपमध्येही असाच राखणदार आहे. आतली मुख्य चिप, जिला प्रोसेसर म्हणतात, ती तापू लागली की आधी स्वतःच हळू चालते. म्हणून बंद पडण्याआधी लॅपटॉप रेंगाळतो आणि पंखा जोरात घोंगावतो. तरीही उष्णता वाढतच राहिली आणि १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली, तर चिप जळू नये म्हणून यंत्र सारे काही एकदम तोडते. तेव्हा बंद पडणे हा रोग नाही. रोग आहे तो उष्णता बाहेर न जाण्याचा.

ती का जात नाही? प्रोसेसरवर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. ती उष्णता कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत नेते आणि छोटा पंखा तिथून वारा बाहेर फेकतो. आपल्या घरांत मळणीचे भुसकट, तुरीची बारीक धूळ, कापसाची तूस, चुलीचा धूर, सगळे त्या पत्र्यांच्या फटींत जाऊन बसते. त्या लॅपटॉपचे पोट उघडले तेव्हा पंखा आणि पत्रे यांच्यामध्ये जाड घोंगडीसारखा थर निघाला. आठ-दहा वर्षांत आणखी एक गोष्ट होते. चिप आणि तांबे यांच्यामध्ये एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. तो वाळून भेगाळतो आणि उष्णता पुढे जात नाही.

घरी करता येण्यासारखे इतकेच. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. पंख्याचे पाते काडीने हलके धरून ठेवा आणि मऊ ब्रशने जाळी झाडा. वाऱ्याने पंखा गरगर फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. पंक्चरच्या दुकानातला हवेचा पाइप मात्र लावू नका. त्या हवेत पाणी असते आणि जोरही फार असतो. पोट उघडून लेप बदलण्याचे काम जाणत्या कारागिरालाच द्या. आतल्या चपट्या तारा फार नाजूक असतात आणि आपला डिस्मिस मोटारीचा. आमच्या त्या कारागिराने साफसफाई आणि लेप मिळून पाचशे रुपये घेतले.

पण अर्जाची मुदत कारागिराची वाट पाहणार नव्हती. मुलीने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, टेबलावर, मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणे ठेवून लॅपटॉप उंच केला. बाकी सगळे बंद ठेवून फक्त अर्ज उघडला आणि प्रत्येक पान भरले की जतन केले. पावणेसहाला अर्ज गेला. फोटो आणि सहीच्या प्रती तिने आदल्या रात्रीच पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या. हे शेवटचे काम तुम्ही सगळ्यांत आधी करा. दुरुस्तीला देण्याआधी, पोट उघडण्याआधी, मला विचारण्याआधी. यंत्र पुन्हा मिळते, पाच वर्षांचा दुधाचा हिशेब मिळत नाही.

सगळीच दुखणी उष्णतेची नसतात. चार्जर काढल्यावर तीस-चाळीस टक्के दिसत असतानाच लॅपटॉप झटकन गेला, तर संशय बॅटरीवर घ्या. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्टची सोय आहे, कॉलेजातल्या पोराला काढून द्यायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ धारणशक्ती आणि आजची धारणशक्ती हे दोन आकडे असतात. आजचा आकडा निम्म्याच्याही खाली असेल, तर ती बॅटरी थकली. बॅटरी थकलेला लॅपटॉप दिव्यांसारखाच विजेवर अवलंबून असतो. वीज गेली की गेला. इनव्हर्टरने वीज बदलून घेतानाच्या क्षणभराच्या झटक्यानेही जातो. आणि बॅटरी फुगली असेल, म्हणजे माउसची पट्टी वर आली, झाकण नीट बसेना, तर तो लॅपटॉप त्या क्षणी बंद करा. चार्जिंगला लावू नका, टोचू नका, दाबू नका, उकिरड्यावर किंवा जाळात टाकू नका. तिला आग लागते. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे परत द्या.

तार हलली की बंद पडतो, तर दोष चार्जरच्या टोकात किंवा लॅपटॉपच्या छिद्रात आहे. बाजारातून दुसरा चार्जर आणताना जुन्यावरचे आकडे वाचून घ्या. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ६५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा लावला तर काम वाढले की तो दम टाकतो, पाच अश्वशक्तीच्या मोटारीला बारीक केबल जोडल्यासारखे. आपल्याकडच्या कमी दाबाची मात्र फार धास्ती नको. बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते. खरी भीती न्यूट्रल तुटून दाब एकदम चढण्याची असते.

ना उष्णता, ना तार, ना बॅटरी, आणि तरी बंद पडतो? मग लॅपटॉप सुरू होताना बायोसच्या पानावर जाऊन अर्धा तास तसाच ठेवा. तिथे विंडोज चालत नसते. तिथेही बंद पडला तर दोष यंत्राच्या अंगात आहे, मेमरीच्या पट्टीत नाहीतर मुख्य बोर्डात. पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवल्याने कधी कधी काम भागते. तिथे चालला आणि विंडोजमध्येच पडला, तर विंडोजच्या बिघाडाकडे पाहा. मात्र बायोसमध्ये यंत्रावर भार कमी असतो, तेव्हा एवढ्यावरून त्याला निर्दोष ठरवू नका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दाखवून कुणी घाबरवले तर घाबरू नका. यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले, एवढेच ती सांगते. का पडले ते सांगत नाही.

कुठवर खर्च करावा? साफसफाई, लेप, चार्जर, बॅटरी इथवर जरूर करा. बोर्ड गेला असे निदान झाले, तर दुसरा कारागीर एकदा पाहू द्या, आणि तोही तेच म्हणाला तर हात आखडा. विंडोज १० ला कंपनीची नेहमीची मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाली आहे, आणि २०१६ च्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून घेता येते. अभ्यास, अर्ज आणि हिशेब यांना ती पुरते. ते न करता तोच लॅपटॉप वापरणार असाल, तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

औशाच्या त्या घरी परवा गेलो होतो. लॅपटॉप आता पाटावर ठेवतात, गोधडीवर नाही. रास चालू असली की त्याला पिशवीत घालून आतल्या खोलीत नेतात. अठराशेची नवी बॅटरी अजून चांगली चालते, तेव्हा माझी चूक अगदीच वाया गेली नाही, असे मुलीच्या आईने मला ऐकवले. कालवड गोठ्यात होती.