उपाशी राहून वजन उतरतें काय?

शाळेच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांचे डबे अलीकडे मधल्या सुटींत उघडलेच जात नाहींत. कारण विचारावें, तर ‘वजन कमी करावयाचें आहे’ असें उत्तर मिळतें. घरांतील वडील माणसेंही बहुधा याच वाटेनें जात असतात. कोणी रात्रीचें जेवण सोडतो, कोणी आठवड्यास आणखी एक उपवास धरतो, आणि दोनतीन महिन्यांनीं पाहावें तों वजन पूर्वीइतकेंच, किंबहुना किलो दोन किलो अधिकच! हेतु चांगला असून फळ असें विपरीत कां यावें, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम स्थूलता कशास म्हणावें तें पाहूं. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागिलें म्हणजे जो आंकडा येतो त्यास ‘बी. एम. आय.’ म्हणतात, आपण त्यास भारांक म्हणूं. पुष्कळ देशांत प्रौढांचा २५ च्या आंतील भारांक निर्दोष समजतात. परंतु २००९ सालीं भारतीय तज्ज्ञांनीं आपल्या लोकांकरितां ही मर्यादा २३ ठरविली. याचें कारण एका उदाहरणावरून चांगलें समजेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां संशोधकांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केलें. दोघांचाही भारांक २२.३, परंतु अंगांतील मेद युडकिन यांचा शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांचा शेंकडा २१.२! सडपातळ दिसणाऱ्या आमच्या देशबांधवाच्या अंगीं साहेबाच्या दुपटीहून अधिक चरबी असावी, हें आश्चर्य खरेंच. हा मेद पोटाभोंवतीं सांचला म्हणजे मधुमेह व हृद्रोग यांस अधिक कारण होतो. म्हणून पुरुषांनीं कंबर ९० सेंटिमीटरांच्या आंत व स्त्रियांनीं ८० च्या आंत ठेवावी असें सांगतात. वजनकांटा घरीं नसला तरी शिंप्याचा टेप बहुतेकांच्या घरीं असतोच.

आतां उपासमारीकडे वळूं. उपाशी राहिल्यानें देहाचें काय होतें, याची एक विलक्षण परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत झाली. शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीमुळें नकार देणाऱ्या ३६ तरुणांनीं आपण होऊन या कामीं आपला देह दिला. युद्धानें उपाशी पडलेल्या जनतेस पुढें कसें सांवरावें, हें जाणण्याचा तो प्रयत्न होता. डॉ. अँसेल कीज यांच्या देखरेखीखालीं १९४५ सालीं २४ आठवडे त्यांस अर्धपोटीं ठेविलें, आणि दर आठवड्यास २२ मैल चालावयास लाविलें. वजनें सुमारें चतुर्थांशानें उतरलीं खरीं; पण नाडी मंद झाली, उन्हाळ्यांतही थंडी वाजूं लागली, स्वभाव चिडखोर झाला, आणि मनांत अन्नावांचून दुसरा विषयच राहिला नाहीं. कोणी पाकशास्त्राचीं पुस्तकें जमवूं लागले, कोणी ताटल्या चाटूं लागले. परीक्षा संपल्यावर कित्येकांची भूक पोट भरूनही शमेना, आणि पुष्कळांच्या अंगावर पूर्वीपेक्षां अधिक मेद चढला.

यावरून असें दिसतें कीं, जेवण सोडणाऱ्याचें वजन परत वाढतें तें केवळ मनाच्या दुबळेपणामुळें नव्हे. शरीर दुष्काळ ओळखतें; तें आपला खर्च आवरतें, मेदाबरोबर स्नायूही झिजवितें, आणि अन्न दिसतांच मागची तूट भरून काढूं पाहतें. दुपारीं डबा न खाल्लेला मुलगा संध्याकाळीं शाळेबाहेरच्या गाडीवर कां उभा राहतो, हें कोडें यांतच उलगडतें.

आमच्याकडील उपवासाची गोष्ट मात्र याहून निराळी. धर्मबुद्धीनें केलेल्या उपवासाविषयीं येथें आमचें कांहींच म्हणणें नाहीं. परंतु वजनासाठीं म्हणून जो उपवास होतो, त्याची ताटली पाहिली म्हणजे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आठवल्यावांचून राहत नाहीं. अन्नांतील ऊर्जा कॅलरींनीं मोजतात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांत किंवा प्रथिनांत चार, आणि एक ग्रॅम तेलातुपांत नऊ कॅलरी असतात. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५० कॅलरी, आणि प्रथिनें नांवापुरतीं. त्यांत पडतो शेंगदाण्याचा कूट, ज्याचें निम्में वजन तेलाचें. त्यांत बटाटा, वर तूप, आणि शेवटीं वाटीभर गोड दहीं. ज्यास उपवास करावयाचाच आहे त्यानें राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर व ताक घ्यावें. तेंही पोटभर घ्यावें.

रोजच्या जेवणाकडे पाहिलें तर आपली जुनी वाढणी पुष्कळ शहाणपणाची होती असें म्हणावें लागतें. डावीकडे कोशिंबीर, उजवीकडे भाजी व उसळ, मध्यें भाकरी वा भात. हल्लीं डावी बाजू चमचाभरावर आली आहे, उसळ आठवड्यांतून एकदां होते, आणि भाताचा ढीग मात्र वाढला आहे. कोशिंबीर व पालेभाजी वाटीभर करावी, मटकी, मूग किंवा डाळ रोज असावी, आणि भात त्यानंतर वाढून घ्यावा. अशा जेवणानें पोट भरतें आणि कॅलरी आपोआप उतरतात. भात अजिबात सोडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. कोंकणांतील माणसास तें सांगूनही उपयोग नाहीं.

तेलाचा हिशेब फारसा कोणी करीत नाहीं. चार माणसांच्या घरीं महिन्यास पांच लिटर तेल आलें, तर दर माणशीं रोज सुमारें ४० मिलिलिटर, म्हणजे साडेतीनशेंच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. चहाचेंही तसेंच. दिवसाचे चार कप व दर कपास दोन चमचे म्हटले तर ४० ग्रॅमांपर्यंत साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं प्रौढांस २५ ग्रॅमांच्या आंतच राहणें बरें असें सुचविलें आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१९ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत २० जणांस दोन आठवडे कारखान्यांत तयार होणारें अन्न व दोन आठवडे साधें अन्न दिलें. हवें तितकें खाण्याची मुभा दोन्ही वेळीं होती. कारखान्याचें अन्न ते भराभर खात, दररोज सुमारें ५०० कॅलरी अधिक घेत, आणि त्यांचें वजन किलोच्या जवळपास वाढलें. साध्या अन्नानें तें तितकेंच उतरलें. पाकिटांतील वेफर्स हातोहात संपतात. ज्वारीची भाकरी चावावीच लागते. मोबाइल समोर ठेवून जेवणाऱ्यास तर आपण किती खाल्लें याचें भानच नसतें.

व्यायामानें सारें भागेल असें मात्र कोणी समजूं नये. अर्धा तास चालल्यानें शंभर दीडशें कॅलरी खर्च होतात. एक वडापाव त्याच्या दुप्पट परत आणितो. तथापि चालण्यानें स्नायू टिकतात आणि हृदय बळकट राहतें. डॉ. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तपासणी प्रसिद्ध केली, तींत दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षां बसून राहणाऱ्या चालकांस हृद्रोग अधिक आढळला. चालकांच्या गणवेशाच्या विजारीही कमरेस मोठ्या होत्या, असें पुढें दिसून आलें. झोपेचें महत्त्वही कमी नाहीं. अपुऱ्या झोपेनें भूक वाढते.

वजन किती उतरवावें? अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणींत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांस शेंकडा ७ वजन उतरविण्याचें व आठवड्यास १५० मिनिटें चालण्यासारखे श्रम करण्याचें ध्येय दिलें होतें. तेवढ्यानें मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. ऐंशीं किलोंच्या गृहस्थास हे सहा किलोंहून कमी होतात. महिन्यास एक दोन किलो, याहून घाई करूं नये.

हें सारें प्रौढांसाठीं झालें. वाढत्या मुलामुलींस २३ ची मर्यादा लागू नाहीं. त्यांचा भारांक वयाप्रमाणें तक्त्यावर पाहावा लागतो, आणि उंची वाढत असतां वजन नुसतें स्थिर राहिलें तरी पुष्कळ वेळां पुरतें. त्यांनीं जेवण सोडूं नये. बाटल्यांतील गोड पेयें व पाकिटें सोडावीं, आणि संध्याकाळीं मैदानावर यावें. वजन फारच वाढलें असेल, अथवा एखादी मुलगी खाण्यास भिऊं लागली असेल, तर पालकांनीं तिला न रागावतां लवकर डॉक्टरांकडे न्यावें.