निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्था आणि नियामक मंडळाचे उत्तरदायित्व

संस्थेचे ध्येय उदात्त असले म्हणजे तिचा कारभारही आपोआप नीट चालेल, असा एक समज लोकहितकारी कार्याविषयी सर्वत्र आढळतो. सार्वजनिक संस्थांचे अंतरंग ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हा समज किती दुबळा आहे हे सांगावयास नको. व्यापारी कंपनीच्या संचालकांना भागधारकांपुढे नफातोट्याचा हिशेब मांडावा लागतो. नगरपालिकेच्या सदस्यांना ठराविक मुदतीने मतदारांपुढे जावे लागते. निसर्गसंरक्षणाच्या संस्थेची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्यांच्या रक्षणासाठी ती जन्मास आली ती अरण्ये आणि ते प्राणी सभेस येऊ शकत नाहीत. आणि त्या अरण्यांत पिढ्यान् पिढ्या राहत आलेली माणसे दीर्घकाळपर्यंत सभेस बोलावली गेली नाहीत. अशा संस्थेच्या नियामक मंडळाने उत्तर द्यावयाचे ते कोणाला? प्रस्तुत लेखात दोन प्रमुख संस्थांच्या रचनेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिली संस्था म्हणजे आय.यू.सी.एन. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ. त्याची स्थापना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे झाली. युनेस्कोचे पहिले महासंचालक ज्यूलियन हक्सली यांचा त्यात पुढाकार होता. दुसरी संस्था म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेला वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड, अर्थात जागतिक वन्यजीव निधी. वैज्ञानिक ज्ञान आणि नैतिक वजन संघाकडे होते, पण द्रव्यबळ नव्हते. ते उभे करावे हा निधीच्या स्थापनेमागील एक प्रमुख हेतू होता. दोन्ही संस्थांची कार्यालये स्वित्झर्लंडमध्ये प्रथम मॉर्ज येथे व पुढे ग्लाँ येथे शेजारी शेजारी नांदली. परंतु ध्येयाने इतक्या जवळ असलेल्या या संस्थांची कायदेशीर घडण मुळातच भिन्न आहे, आणि नियामक मंडळाच्या उत्तरदायित्वाचा सारा प्रश्न त्या भेदातून उगवतो.

सभासदांचा संघ आणि विश्वस्तांचा निधी

स्विस दिवाणी संहितेने दोन प्रकारच्या संस्था मानल्या आहेत. एक सभासदांनी बनलेला संघ आणि दुसरा विशिष्ट कार्यासाठी वेगळ्या काढलेल्या मालमत्तेचा प्रतिष्ठान-निधी. संघात सभासदांची सभा ही सर्वोच्च सत्ता असते. कार्यकारी मंडळ ती नेमते, त्याच्यावर देखरेख ठेवते आणि सबळ कारण असल्यास त्याला दूरही करू शकते. संघाचा ठराव कायद्याच्या वा घटनेच्या विरुद्ध असेल आणि सभासदाने त्याला संमती दिलेली नसेल, तर तो कळल्यापासून एक महिन्याच्या आत न्यायालयात दाद मागता येते. प्रतिष्ठानाला सभासदच नसतात. तेथे संस्थापकाचा हेतू, विश्वस्तांचे मंडळ आणि त्यांच्यावर देखरेख करणारे शासकीय अधिकारी एवढेच घटक उरतात.

आपल्याकडील वाचकास हा भेद अपरिचित नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील सोसायटी आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त अधिनियमाच्या कक्षेत येणारा न्यास यांच्या स्वरूपात जे अंतर आहे, त्याच जातीचे हे अंतर आहे. आय.यू.सी.एन. हा संघ आहे. वन्यजीव निधीची आंतरराष्ट्रीय संस्था हे प्रतिष्ठान आहे.

दोन सभागृहांची तुला

आय.यू.सी.एन.चे वैशिष्ट्य असे की, तेथे सार्वभौम राष्ट्रे आणि खाजगी संस्था एकाच छपराखाली सभासद म्हणून बसतात. सभासदांची संख्या आज १,४०० च्या वर आहे. पहिल्या वर्गात राष्ट्रे व शासकीय संस्था येतात. दुसऱ्यात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अशासकीय संस्था. तिसऱ्यात आदिवासी जनसमूहांच्या संघटना. आणि चौथा वर्ग मताधिकार नसलेल्या संलग्न सभासदांचा. राष्ट्राला तीन मते असतात, आणि त्याच्या शासकीय संस्थाही सभासद असतील तर या तिहींपैकी एक मत त्या सामुदायिकरीत्या देतात. आंतरराष्ट्रीय अशासकीय संस्थेला दोन व राष्ट्रीय संस्थेला एक मत असते.

ठराव संमत होण्यास सर्व मतांची मिळून बहुसंख्या पुरत नाही. शासकीय वर्गात साधे बहुमत हवे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या एकत्रित मतांतही स्वतंत्र बहुमत हवे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, शासकीय वर्गात २०० मते पडली व त्यांतील १५० अनुकूल आहेत. अशासकीय व आदिवासी वर्गांत मिळून ८०० मते पडली व त्यांतील ३९० अनुकूल आहेत. एकूण १,००० मतांपैकी ५४० ठरावाच्या बाजूने पडली, तरी ठराव फेटाळला जाईल. कारण दुसऱ्या पारड्यात ३९० विरुद्ध ४१० अशी स्थिती आहे. संख्येने थोड्या असलेल्या राष्ट्रांना खाजगी संस्थांनी बुडवू नये, आणि सत्तेने प्रबळ असलेल्या राष्ट्रांनी खाजगी संस्थांना गुंडाळून ठेवू नये, अशी ही तुला आहे. तिची किंमतही उघड आहे. निर्णय मंद होतात आणि ठरावांची भाषा पुष्कळदा सर्वांना चालेल इतकी सौम्य होते.

सभासदांची महासभा सामान्यतः चार वर्षांनी एकदा भरते. मधल्या काळात कारभाराची सूत्रे परिषदेच्या हाती असतात. ही परिषद हेच संघाचे नियामक मंडळ होय. अध्यक्ष, कोषाध्यक्ष, तज्ज्ञ आयोगांचे प्रमुख आणि संघाच्या आठ प्रादेशिक विभागांतून आलेले सदस्य हे तिचे मुख्य घटक असून त्यांची निवड महासभा करते. महासंचालकाची नेमणूक मात्र परिषद करते. अर्थात महासंचालक परिषदेला जबाबदार आणि परिषद महासभेला जबाबदार, अशी ही उतरंड आहे.

या रचनेतील एका नियमाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. परिषदेचा सदस्य विभागातून निवडून येत असला, तरी तेथे तो व्यक्तिशः काम करतो. आपल्या राष्ट्राचा किंवा संस्थेचा प्रतिनिधी म्हणून नव्हे. हा नियम लिहिण्यास सोपा व पाळण्यास कठीण आहे. ज्यांच्या मतांवर तो निवडून आला त्यांच्या अपेक्षा एका बाजूस आणि संपूर्ण संघाचे हित दुसऱ्या बाजूस, असा ताण प्रत्येक सदस्यावर येतो. ज्या संस्थेशी त्याचा संबंध आहे तिलाच एखादे काम सोपविण्याचा प्रश्न आला, तर त्याने आपला हितसंबंध आधी उघड करावा व निर्णयातून बाजूस राहावे, हे तत्त्व या ताणावरील उपाय आहे. प्रतिनिधित्वाची आणि विश्वस्तवृत्तीची भूमिका एकाच व्यक्तीत वसविण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याचे यश अखेर नियमाइतकेच परंपरेवर अवलंबून राहते.

भारताचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १९६९ मध्ये संघाची दहावी महासभा नवी दिल्ली येथे भरली. डॉ. एम. एस. स्वामीनाथन हे १९८४ ते १९९० या काळात, तर डॉ. अशोक खोसला हे २००८ ते २०१२ या काळात संघाचे अध्यक्ष होते. वन्यजीव निधीची भारतीय शाखाही १९६९ मध्येच न्यास म्हणून स्थापन झाली.

देणगीदाराची सावली

आता दुसऱ्या संस्थेकडे वळू. सभासद नसलेल्या प्रतिष्ठानाला पैसा कोठून मिळतो, यावर मंडळाच्या स्वातंत्र्याचा बराच भाग अवलंबून असतो. सामान्य देणगीदार वाघासाठी किंवा पांडासाठी आनंदाने पैसे देतो. कारकुनाच्या पगारासाठी वा कार्यालयाच्या भाड्यासाठी देत नाही. ही अडचण जाणून १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत १,००१ व्यक्तींकडून प्रत्येकी १०,००० डॉलर घेऊन सुमारे एक कोटी डॉलरचा स्थायी निधी उभारण्याची योजना आखण्यात आली. त्याच्या व्याजातून आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा खर्च भागावा, अशी कल्पना होती. वित्तव्यवस्थेच्या दृष्टीने ती चतुर होती. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने मात्र एक शंका राहते, ती अशी की, मूठभर धनिकांच्या कृपेने स्थिर झालेली संस्था त्यांच्या व्यवसायांविषयी परखडपणे बोलू शकेल काय?

व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर विसंबण्याचा धोका निधीस लवकरच अनुभवास आला. त्याचे पहिले अध्यक्ष नेदरलँड्सचे राजपुत्र बर्नहार्ट यांना लॉकहीड विमान कंपनीच्या प्रकरणानंतर १९७६ मध्ये ते पद सोडावे लागले. प्रकरणाचा निसर्गसंरक्षणाशी काही संबंध नव्हता. तरीही संस्थेचे नाव त्यात ओढले गेले. थोर नावांचे मंडळ द्रव्य मिळवून देते, पण देखरेख करील असा भरवसा त्यातून मिळत नाही.

धोरण कागदावर, जबाबदारी कोठे?

याहून गंभीर प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. निधीचे साहाय्य लाभलेल्या काही संरक्षित क्षेत्रांतील वनरक्षकांनी स्थानिक रहिवाशांवर अत्याचार केल्याचे आरोप वृत्तपत्रीय शोधातून प्रसिद्ध झाले. संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य आफ्रिकेतील देशांबरोबरच नेपाळ आणि भारत हेही समितीच्या अभ्यासकक्षेत होते. निधीच्या कर्मचाऱ्यांनी अत्याचार करविले अथवा त्यांत भाग घेतला, असा पुरावा समितीस आढळला नाही. परंतु मानवी हक्कांविषयी स्वतः दिलेली वचने संस्थेने सर्वत्र सारख्या निष्ठेने पाळली नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता.

येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, धोरणाचा अभाव नव्हता. आदिवासी जनसमूहांविषयीची तत्त्वे या संस्थेने १९९६ मध्येच स्वीकारली होती. उणीव होती ती अंमलबजावणीच्या साखळीत. वन्यजीव निधी ही एकच संस्था नसून आपापली स्वतंत्र मंडळे असलेल्या राष्ट्रीय संस्थांचे व आंतरराष्ट्रीय कार्यालयाचे एक जाळे आहे. एखाद्या उद्यानासाठी पैसा एका देशातील संस्थेकडून यावा, कार्यक्रम दुसऱ्या कार्यालयाने चालवावा, आणि रक्षक तिसऱ्याच सत्तेचे, म्हणजे स्थानिक शासनाचे असावेत, अशी तेथील परिस्थिती असते. तक्रार आली तर तिची दखल घेणे नेमके कोणाचे कर्तव्य, हे अशा रचनेत अस्पष्ट राहते. प्रत्येक मंडळ आपल्यापुरते निर्दोष ठरते आणि अन्याय झालेल्या माणसाला दाद मागण्यास दार सापडत नाही. अहवालानंतर संस्थेने तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपालाचे पद निर्माण केले, ते या पोकळीवर उपाय म्हणूनच.

आय.यू.सी.एन.ने हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. २०१६ मध्ये हवाई येथील महासभेत आदिवासी संघटनांसाठी सभासदत्वाचा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. म्हणजे एका संस्थेने तक्रारीचे दार उघडले आणि दुसरीने सभागृहाचे. दोहोंचे मोल सारखे नाही. तक्रारीचे दार अन्यायानंतर उपयोगी पडते; मताधिकार निर्णयाच्या आधी. परंतु मताधिकार संघटनेला मिळतो, एकाकी गावकऱ्याला नव्हे. म्हणून पहिले दारही अनावश्यक ठरत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, संघ श्रेष्ठ की प्रतिष्ठान, हा वाद फारसा फलदायी नाही. संघाला सभासदांचा अंकुश असतो, पण त्याची गती मंद आणि दृष्टी सभासदांपुरती मर्यादित राहण्याचा संभव असतो. प्रतिष्ठान त्वरेने निर्णय घेऊ शकते, पण त्याला प्रश्न विचारणारा कोणी घरात नसतो. म्हणून कोणत्याही संस्थेची घटना अभ्यासताना मंडळाच्या सदस्यांची नावे वा सभांची संख्या पाहून थांबू नये. मंडळाला पदच्युत कोण करू शकतो, धोरणभंगाची वार्ता खालून वर मंडळापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, आणि संस्थेच्या कार्यामुळे ज्याचे नुकसान होऊ शकते त्याला त्या मंडळापुढे उभे राहण्याचा अधिकार आहे की नाही, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना स्थानिक न्यास आणि सोसायट्या यांच्या अभ्यासातही हीच कसोटी लावून पाहता येईल. वनखात्याच्या सहकार्याने काम करणाऱ्या संस्थांपासून त्यांनी आरंभ केल्यास तो अभ्यास विशेष उपयुक्त ठरेल.